तुडवलेला गहू



आपल्यापैकी पुष्कळांच्या शेतात रब्बीला गहू असतो. पेरणी झाली, कोंब वर आले, की त्या कोवळ्या पिकाची आपण किती राखण करतो! शेजाऱ्याचे वासरू वाफ्यात शिरले तर भांडण जुंपते. घरचे पोर धावत गेले तरी त्याच्या पाठीत धपाटा बसतो. आता मी तुम्हांला सांगितले, की एका देशातला शेतकरी ऐन थंडीत आपल्याच हाताने पेरलेल्या कोवळ्या गव्हावर आपल्याच पायांनी चालत जातो, तर तुम्ही म्हणाल, ह्या मास्तरांचे डोके ठिकाणावर नाही. पण जपानात ही जुनी रीत आहे. तिकडे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते. माती फुगून वर येते आणि रोपांची मुळे सुटी पडतात. म्हणून शेतकरी ओळीने रोपे तुडवत जातो. मुळे पुन्हा घट्ट बसतात, रोप नुसते उंच न जाता अधिक फुटवे धरते, आणि पुढे ओंबी चांगली भरते.

आज मी ज्या गृहस्थांची हकिगत सांगणार आहे, त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात ह्याच गव्हाने होते. एक बाप आपल्या पोरांना शेतात घेऊन जातो आणि सांगतो, की बाळांनो, ह्या गव्हासारखे व्हा. कितीही तुडवले तरी पुन्हा उभे राहा. त्या पुस्तकाचे नाव 'हादाशी नो गेन', म्हणजे आपल्या भाषेत 'अनवाणी गेन'. ते लिहिणारे आणि त्यातले प्रत्येक चित्र काढणारे गृहस्थ म्हणजे केइजी नाकाझावा.

हे पुस्तक चित्रकथेचे आहे. चित्रकथा म्हटले की आपल्याला 'चांदोबा' आठवतो, 'अमर चित्रकथा' आठवते, आणि ती पोरासोरांनी सुट्टीत वाचायची गोष्ट अशी आपली समजूत असते. जपानात चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. पाने बहुधा काळ्यापांढऱ्या छपाईची, पुस्तक उजवीकडून डावीकडे उलटायचे, आणि गोष्ट चित्रांच्या चौकटींतून पुढे सरकते. आठवड्याला निघणारी त्यांची मासलेवाईक मासिके, खरे म्हणजे साप्ताहिकेच, लाखांनी खपतात. शाळकरी मुले वाचतात, तसेच कचेरीत जाणारी माणसेही आगगाडीत बसून वाचतात. तेव्हा तिकडे मांगा लिहिणारा माणूस म्हणजे मोठा लोकप्रिय कथेकरीच समजा. आणि ह्या एका कथेकऱ्याने मुलांना जी कथा सांगितली, ती सांगावी की सांगू नये, यावर त्याच्या देशात आजही वाद चालू आहे. शिक्षक मित्रांनी ह्या भाषणाकडे मुद्दाम कान द्यावा, तो एवढ्यासाठी.

केइजी नाकाझावा यांचा जन्म 14 मार्च 1939 चा, हिरोशिमा शहरातला. वडील चित्रकार होते. जपानी पद्धतीची चित्रे काढणे आणि लाकडी खडावांवर रंगकाम करणे हा त्यांचा पोटाचा धंदा. त्याबरोबर त्यांना नाटकाचे वेड होते. पण तो काळ कसा होता? जपानचे राज्य लष्कराच्या हाती गेले होते. चीनमध्ये युद्ध चालू होते. युद्धाविरुद्ध ब्र काढणारा माणूस देशद्रोही ठरे. केइजींच्या वडिलांची नाटकमंडळी सरकारच्या डोळ्यांत सलू लागली आणि वडिलांना तुरुंगाची हवा खावी लागली. सुटून आल्यावरही त्यांचे मत बदलले नाही. हे युद्ध खोटे आहे आणि जपान यात हरणार, असे ते घरात मुलांना सांगत. अशा घराला आळीतले लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे सांगायला नको. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि शिध्याला तर कात्री लागलेली. रताळ्याच्या एका फोडीवरून भावाभावांत मारामारी व्हायची, असे ते दिवस होते.

6 ऑगस्ट 1945. सोमवार होता. केइजी सहा वर्षांचा, पहिलीत शिकणारा. त्याचा एक मोठा भाऊ जवळच्या कुरे बंदरातल्या आरमारी कारखान्यात कामाला नेलेला होता. दुसऱ्या भावाला शाळेतल्या मुलांबरोबर खेड्यात धाडले होते. घरी आईवडील, थोरली बहीण एइको आणि धाकटा भाऊ सुसुमु. आईचे दिवस भरत आलेले.

सकाळी केइजी शाळेच्या फाटकाशी पोचला. एका वर्गमित्राच्या आईने त्याला थांबवून काही विचारले. तो तिच्याकडे वळून बोलत उभा राहिला. त्याच्या पाठीशी शाळेची सिमेंटची जाड भिंत होती. सव्वाआठ वाजले, आणि सुमारे सव्वा किलोमीटरवर, शहराच्या माथ्यावर आकाशात अणुबाँब फुटला. पोराला भिंतीने झाकले. बोलत असलेली ती बाई चार पावलांवर उघड्यात उभी होती. शुद्धीवर येऊन त्याने पाहिले, तेव्हा ती जळून गेलेली होती. एकाच क्षणी, एकाच जागी उभी असलेली दोन माणसे. एक उरले, एक गेले. मध्ये फक्त भिंतीचा आडोसा.

घरी काय झाले? आई वर कपडे वाळत घालत होती. छपराच्या आडोशाने ती वाचली. बाकी घर कोसळले. एइको जागीच गेली. वडील आणि लहानगा सुसुमु तुळयांखाली अडकले. दोघेही जिवंत होते, बोलत होते. आई एकटी ओढून ओढून थकली. आग जवळ येत चालली. शेवटी एका शेजाऱ्याने त्या बाईला बळेच ओढून दूर नेले. तिच्या कानांवर मागून येत राहिला तो मुलाचा आवाज. त्याच दिवशी, रस्त्याच्या कडेला, ती बाळंत झाली. मुलगी झाली. केइजी भटकत भटकत आईपाशी पोचला, तेव्हा ती त्या तान्ह्या जिवाला घेऊन बसलेली होती. ती मुलगी फार दिवस जगली नाही. पुढे भाऊ परत आल्यावर दोघे पोरे जळक्या घराच्या जागी गेली, आणि त्यांनी आपल्या हातांनी बापाच्या, बहिणीच्या आणि भावाच्या अस्थी उकरून काढल्या.

श्रोतेहो, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मेली असा अंदाज आहे. हा आकडा शाळेत मुले पाठ करतात. 6 ऑगस्टला आपल्याकडेही किती तरी शाळांतून हिरोशिमा दिन पाळतात. फळ्यावर हा आकडा लिहिला जातो, दोन भाषणे होतात, मुले जांभया देतात. त्यात मुलांचा दोष नाही. लाखाचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. पण तुळईखाली अडकलेला चार वर्षांच्या आसपासचा भाऊ डोळ्यांपुढे उभा राहतो. नाकाझावा यांनी पुढे जे केले, त्याचे मर्म एवढेच आहे. त्यांनी आकड्याचे माणूस केले.

पण ते लगेच केले नाही. ह्यातच त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट आहे.

युद्धानंतरचे दिवस उपासमारीचे होते. बाप गेलेले, घर गेलेले. आई मोलमजुरी करी. डोक्याचे केस झडलेला, पोटात अन्न नसलेला हा पोरगा शाळेत चेष्टेचा विषय झाला. तेवढ्यात त्याच्या हाती एक चित्रकथा पडली. ओसामु तेझुका नावाच्या तरुण चित्रकाराची 'नवे रत्नद्वीप' ही ती कथा, 1947 साली निघालेली. तेझुका हे पुढे जपानी मांगाचे पितामह ठरले. ती चित्रकथा वाचून केइजीने ठरवले, की आपण हेच करायचे. वडिलांची चित्रकला रक्तात होतीच. शाळा संपल्यावर पुढे शिकायला पैसा नव्हता. म्हणून तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली लागला. दिवसा पाट्या रंगवायच्या, रात्री चित्रकथा काढून मासिकांकडे धाडायच्या, असा क्रम. अक्षर कसे बसवावे, दुरून नजरेत काय भरते, हे त्या पाट्यांनी शिकवले.

1961 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते तोक्योला गेले. एका नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली राबले, आणि 1963 पासून त्यांच्या स्वतःच्या कथा छापून येऊ लागल्या. शर्यतीच्या मोटारी, खेळ, साहस असले त्यांचे विषय असत. हिरोशिमाचा मात्र एक शब्दही नाही!

का बरे नाही? दोन कारणे होती. एक कारण सरकारी. 1945 ते 1952 जपानवर अमेरिकन लष्कराचा ताबा होता, आणि अणुबाँबच्या परिणामांविषयी मोकळेपणाने छापायला बंदी होती. आपल्याला काय झाले, हे खुद्द जपानी लोकांनाही नीट कळले नव्हते. दुसरे कारण माणसांचे, आणि ते मला अधिक वाईट वाटते. बाँबमधून वाचलेल्या लोकांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात. लोक ह्या हिबाकुशांपासून दूर सरू लागले. यांचा रोग लागतो, यांच्या अंगातून विष बाहेर पडते, अशा वावड्या उठल्या. नोकरी मिळेना, लग्ने मोडू लागली. तोक्योत आल्यावर नाकाझावा सहज बोलून गेले की मी हिरोशिमाचा, माझ्यावर बाँब पडला आहे. समोरच्यांचे चेहरे बदलले. तो अनुभव दोनचारदा आल्यावर त्यांनी तोंड मिटून घेतले. हा विषय पुन्हा काढायचाच नाही, असे ठरवून टाकले. वर्तमानपत्रात 'अणुबाँब' हा शब्द दिसला तरी ते पान उलटत.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ज्याच्यावर संकट कोसळले त्यालाच विटाळ मानायचे, ही खोड एका जपानचीच नाही. महारोग झालेल्या माणसाला गावाबाहेर घालवणारे आपणच होतो. विधवेला पांढऱ्या पायाची म्हणणारेही आपणच. संकट एकदाच येते, पण त्याची लाज माणसाला रोज भोगायला लावली जाते.

1966 च्या शरद ऋतूत हिरोशिमाहून तार आली. आई वारली होती. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या त्या बाईने शेवटी देह ठेवला. नाकाझावा धावत गेले. हिरोशिमात अमेरिकेने अणुबाँबच्या परिणामांचा अभ्यास करायला एक संस्था उघडली होती. ती हिबाकुशांना तपासत असे, पण औषधपाणी करीत नसे, म्हणून लोकांचा तिच्यावर राग होता. त्या संस्थेची माणसे आईचे शव चिरफाडीसाठी मागायला आली, असे नाकाझावा यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी ते दिले नाही.

मग दहन झाले. जपानातही आपल्यासारखे दहन करतात, आणि आपण जशा अस्थी सावडतो, तशा तेही सावडतात. घरची माणसे लांब काड्यांनी एकेक अस्थी उचलून कलशात ठेवतात. नाकाझावा भट्टीपाशी उभे राहिले आणि पाहतात तो काय, आईच्या अस्थी नाहीतच! पांढऱ्या भुकटीत बारीक बारीक कपच्या, एवढेच उरले होते. त्यांच्या मनाने एकच घेतले, की बाँबच्या विषाने एकवीस वर्षे आतून पोखरून माझ्या आईची हाडेसुद्धा खाल्ली. वैद्यकाच्या दृष्टीने ते तसेच असेल असे म्हणता येणार नाही. पण तो पुत्राचा आक्रोश होता. ज्या आईने आपल्याला वाढवले तिच्या अस्थीही आपल्याला सावडू दिल्या नाहीत, या संतापाने ते पेटले. तोक्योला परत येताना गाडीत ते एकच विचार करीत होते. बाप, बहीण, दोन भावंडे आणि आता आई. यांच्या मरणाचा हिशेब कोणी विचारला का? ज्यांनी युद्ध सुरू केले त्यांनी दिला का? ज्यांनी बाँब टाकला त्यांनी दिला का? आणि आपण स्वतः काय केले? वीस वर्षे तोंड लपवले.

त्या दिवसापासून त्यांनी ठरवले, की आपल्या हाती असलेले एकच हत्यार, म्हणजे चित्रकथा, ह्या कामी लावायचे.

पहिली कथा झाली 'काळ्या पावसात भिजलेले'. बाँबनंतर हिरोशिमावर काळा पाऊस पडला होता, त्यावरून हे नाव. मोठ्या प्रकाशकांनी ती परत केली. फार कडक आहे, राजकारण आहे, असली कारणे. दीडदोन वर्षे वणवण केल्यावर ती 1968 मध्ये 'मांगा पंच' नावाच्या, मोठ्या माणसांच्या एका हलक्याफुलक्या मासिकात छापून आली. देवळात जागा मिळाली नाही म्हणून चव्हाट्यावर कीर्तन केले, म्हणाना. पण लोकांनी ऐकले. वाचकांची पत्रे आली.

पुढे 'शोनेन जंप' नावाच्या मुलांच्या प्रसिद्ध साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना हात दिला. 1972 साली नाकाझावा यांनी त्या मासिकाच्या एका भगिनी अंकात 'मी पाहिले' ही स्वतःच्या आयुष्याची पन्नासएक पानांची कथा काढली. संपादक म्हणाले, एवढ्या पानांत हे मावणार नाही, पाहिजे तेवढी पाने घ्या. आणि 1973 च्या जूनमध्ये 'अनवाणी गेन' सुरू झाला.

गेन म्हणजे मूळ, उगम. हिरोशिमाच्या जळक्या मातीवर अनवाणी पायांनी उभा राहिलेला हा पोरगा नव्या माणुसकीचा उगम व्हावा, अशी लेखकाची इच्छा. गेन नाकाओका हे नाव घेतले आहे, पण गोष्ट केइजी नाकाझावाची. तोच चित्रकार आणि युद्धविरोधी बाप, तीच गर्भार आई, तीच थोरली बहीण, तोच धाकटा भाऊ. एका ठिकाणी मात्र लेखकाने फरक केला आहे. खऱ्या आयुष्यात तो घरच्यांच्या मृत्यूच्या वेळी तिथे नव्हता. त्याने ते आईच्या तोंडून ऐकले. पुस्तकात मात्र गेन तिथे आहे. तो आपल्या इवल्या हातांनी तुळई उचलू पाहतो. बाप त्याला सांगतो, आता आईला घेऊन जा. लेखकाला जिथे नसल्याची टोचणी आयुष्यभर लागून राहिली असेल, तिथे त्याने आपल्या मानसपुत्राला नेऊन उभे केले. आणि आईच्या बाळंतपणात पुस्तकातला हा दुसरीतला पोरगाच सुईणीचे काम करतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे रडगाणेच आहे का? मुळीच नाही. गेन हा वांड पोरगा आहे. मारामाऱ्या करतो, गाणी म्हणतो, खोड्या काढतो. धाकट्या भावाला खेळण्यातली बोट हवी, म्हणून तो काचवाल्या गरीब शेजाऱ्यासाठी आळीतल्या खिडक्या फोडत हिंडतो, म्हणजे त्याचा धंदा चालेल! आई उपाशी आहे म्हणून श्रीमंताच्या हौदातला मासा चोरायला जातो. भाऊ गेल्यावर अगदी त्याच्यासारखा दिसणारा एक अनाथ पोरगा भेटतो, त्याला घरी आणतो. वाचणारे मूल एका पानावर हसते, आणि दुसऱ्या पानावर त्याच्या पोटात गोळा येतो.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक फक्त बाँब टाकणाऱ्यांना शिव्या देऊन थांबत नाही. जपानच्या लष्करशाहीने आपल्याच लोकांना कसे फसवले, चीनमध्ये आणि कोरियात जपानी सैन्याने काय केले, हेही ते सांगते. गेनच्या शेजारी पाक नावाचा एक कोरियन गृहस्थ आहे. सगळी आळी ह्या घरावर उलटली असताना तो माणुसकीने वागतो. आणि बाँबनंतर त्याच पाकच्या जखमी बापाला, तो कोरियन म्हणून, औषध नाकारले जाते. सम्राटालाही लेखक सोडत नाही. आपल्या शत्रूचे पाप सांगणे सोपे असते. आपल्याच माणसांचे पाप आपल्याच मुलांना सांगणे, याला धारिष्ट लागते.

'शोनेन जंप'मध्ये गेन 1974 पर्यंत चालला. मग ती गोष्ट दुसऱ्या मासिकांतून पुढे सरकत राहिली. शेवटचे भाग छापले कोणी? जपानी शिक्षक संघटनेच्या मासिकाने. शिक्षकांनीच हा पोरगा उचलून धरला, म्हणायला हरकत नाही. 1980 नंतरच्या त्या वर्षांत ही कथा दहा खंडांत पुरी झाली. हे खंड जपानातल्या शाळाशाळांच्या ग्रंथालयांत गेले. ज्या शाळेत चित्रकथेला दारातही उभे करीत नसत, तिथे ही एकच चित्रकथा कपाटात दिसे, आणि हाताळून हाताळून तिची पाने सुटलेली असत. पुस्तकाच्या एक कोटीच्या आसपास प्रती निघाल्या. चित्रपट निघाले, 1983 साली हलत्या चित्रांचा बोलपटही निघाला.

भाषांतराची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. 1976 मध्ये शांततेसाठी अमेरिकाभर पायी चालणाऱ्या लोकांत काही जपानी तरुण होते. वाटेत लोक विचारीत, हिरोशिमात झाले तरी काय? तरुणांजवळ हे पुस्तक होते. परत येऊन त्यांनी कोणाच्या पैशाची वाट न पाहता, फावल्या वेळात, स्वयंसेवकांच्या बळावर त्याचे इंग्रजी केले. जपानी मांगा इंग्रजीत पुस्तकरूपाने जाण्याचा तो अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. त्यानंतर गेन वीसहून अधिक भाषा शिकला. आपल्या हिंदीतही तो आला आहे.

आणि आता वादाकडे येतो.

नाकाझावा यांचे डोळे उतारवयात अधू झाले. 2009 साली त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली, आणि मूळ चित्रे हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयाला देऊन टाकली. 19 डिसेंबर 2012 रोजी, हिरोशिमातच, फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते वारले. वय त्र्याहत्तर. त्याच महिन्यात, मात्सुए नावाच्या शहराच्या शिक्षणमंडळाने आपल्या शाळांना कळवले, की 'अनवाणी गेन' उघड्या कपाटातून काढून कुलपात ठेवा. मुलांनी मागितले तरी परवानगीवाचून देऊ नका. कारण काय? जपानी सैनिकांच्या क्रौर्याची चित्रे फार भयंकर आहेत. ही गोष्ट 2013 च्या ऑगस्टमध्ये लोकांना कळली. देशभर गदारोळ झाला, आणि मंडळाला महिन्याच्या आत तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे 2023 मध्ये खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षणमंडळाने शांतिशिक्षणाच्या पाठांतून गेनची पाने काढली. मासा चोरण्याचा प्रसंग मुलांना चोरीचे समर्थन वाटेल, तेवढ्या तासाभरात त्या काळची परिस्थिती समजावून देता येत नाही, असे काहीसे कारण सांगितले. ज्या गावात तो पोरगा अनवाणी चालला, त्याच गावच्या पाठातून तो बाहेर गेला.

माझे एक स्नेही प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. मी त्यांना ह्या पुस्तकाविषयी सांगत होतो. ते म्हणाले, "सर, तुमचं सगळं खरं, पण पाचवीच्या पोराला जळलेली माणसं दाखवायची? रात्री ते झोपेल का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मीही दोन मुलांचा बाप आहे. त्या वेळी मला चटकन उत्तर देता आले नाही.

नाकाझावा यांना हा प्रश्न अनेकांनी केला होता. त्यांचे म्हणणे असे, की मी जे पाहिले ते ह्या चित्रांपेक्षा कितीतरी भीषण होते. मुलांनी पुस्तक मिटून ठेवू नये, म्हणून मी हात आवरूनच चित्रे काढली. म्हणजे मुलाला किती झेपेल, याचा विचार त्यांनी केलाच होता. ते स्वतः सहा वर्षांचे असताना त्यांना कोणी विचारले नव्हते, की बाळ, तुला हे झेपेल का?

मला वाटते, मुलाला भीती वाटणे वाईट नाही. त्या भीतीत ते एकटे पडणे वाईट. पुस्तक कुलपात ठेवून आपण मुलाचे रक्षण करतो की स्वतःची अडचण वाचवतो, हे आपले आपण पाहावे. मासा चोरण्याचा प्रसंग समजावून द्यायला तासभर पुरत नसेल, तर दोन तास घ्यावेत. गेनने मासा का चोरला, एवढ्या एका प्रश्नावर मुलांना बोलते करावे. युद्ध म्हणजे काय, भूक म्हणजे काय, हे त्यातूनच निघेल. मूल घाबरले तर त्याच्या पाठीवर हात ठेवायला गुरुजी हवेत, आईबाप हवेत. केइजीला सिमेंटच्या भिंतीने वाचवले. आपण मुलाच्या पाठीशी उभे राहिलो, तर सत्य पाहूनही ते सुखरूप राहील. मात्र भिंत पाठीशी असावी लागते, डोळ्यांसमोर नव्हे. माझ्या त्या शिक्षक मित्रांना मी हेच कळवले आहे.

शेवटी पुन्हा त्या गव्हाकडे येतो. बाँब पडल्यावर हिरोशिमात वावडी उठली होती, की आता पंच्याहत्तर वर्षे इथे गवताचे पातेसुद्धा उगवणार नाही. पण त्याच मातीत हिरवे कोंब फुटले. गेन ते पाहतो आणि त्याला बापाचे शब्द आठवतात. माणसाला तुडवणारे पाय मात्र शेतकऱ्याचे नसतात, हे विसरू नये. शेतकरी पीक वाढावे म्हणून तुडवतो, युद्ध माणूस संपावा म्हणून तुडवते. तरीही एक पोरगा त्या पायांखालून उठला, वीस वर्षे गप्प राहिला, आणि मग असा बोलला की देशोदेशीच्या मुलांनी ते ऐकले.

यंदा रब्बीत आपल्या शेतात गव्हाचे कोंब वर येतील, तेव्हा घरातल्या मुलांना बांधावर बसवून ही गोष्ट सांगा.